आभाळापेक्षा फांदी वाईट

कार्तिक सरत आला होता. सेलू तालुक्यात, दुधना नदीपासून फार लांब नाही, माझ्या चुलतभावाचे चार एकर काळे रान आहे. निम्म्यात हरभरा, निम्म्यात ज्वारी, कडेला पन्नास फुटांची विहीर आणि विहिरीजवळ दोन वर्षांपूर्वी उभा राहिलेला पाच अश्वशक्तीचा सौर पंप. दुपारचे तीन वाजले होते. आभाळात बोटभरही ढग नव्हता. तरी पाइपातून येणारी धार करंगळीएवढी झाली होती. वहिनी खोरं घेऊन दाऱ्यावर उभ्या होत्या आणि वाफ्यात पाणी पुढे सरकत नव्हते.

“एकपर्यंत दारं धरायला फुरसत नसती,” दादा म्हणाला, “अन् तीन वाजले की मोटारीचा जीव जातो. ऊन तर हाय की अजून!”

मी कंट्रोलरच्या पडद्यावर पाहिले. व्होल्टेज ४०५, अँपिअर साडेतीन, हर्ट्झ ३४. दादाच्या प्रश्नाचे उत्तर या तीन आकड्यांतच होते. ते वाचायला कुणी शिकवलेले नव्हते, एवढेच. पंप बसवणारी माणसे चालू-बंद कसे करायचे ते सांगून जातात, आणि पडद्यावरचे आकडे त्यानंतर वर्षानुवर्षे कुणासाठी तरी लुकलुकत राहतात.

परभणी जिल्ह्यात हा प्रश्न आता एकट्यादुकट्याचा राहिलेला नाही. केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये आली आणि राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ २०२४ मध्ये. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्ती असे पंपाचे माप ठरले. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. जिंतूरपासून पालमपर्यंत विहिरींच्या कडेला निळ्या-काळ्या प्लेटा दिसू लागल्या. रात्री थ्री फेज लाइट येणार म्हणून बॅटरी घेऊन, साप-विंचवाची भीती पोटात ठेवून पाणी द्यायला जाणे ज्याने केले आहे, त्याला दिवसा पाणी देता येण्याची किंमत सांगावी लागत नाही. म्हणूनच या पंपातून मिळायला हवे तेवढे पाणी मिळत नसेल, तर ते मला फार लागते.

आधी प्लेटेच्या पाठीवरचा कागद पाहू. त्यावर समजा ५४० वॅट लिहिले आहे. हा आकडा एका ठरावीक परिस्थितीतला आहे: दर चौरस मीटरवर १००० वॅट ऊन पडते आहे आणि प्लेटेतल्या काचेखालच्या चकत्या २५ अंशांवर आहेत. आपल्याकडे या दोन गोष्टी एका वेळी जवळजवळ कधीच जुळत नाहीत. कडक ऊन असते तेव्हा चकत्या तापलेल्या असतात, आणि चकत्या गार असतात तेव्हा ऊन कोवळे असते. पण ती परिस्थिती जुळली असे धरले, तरीही ५४० वॅट आपोआप मिळत नाहीत. प्लेटेकडून ते काढून घ्यावे लागतात. सगळा खेळ या काढून घेण्याचा आहे.

यासाठी मला मोटेपेक्षा चांगले उदाहरण सापडलेले नाही. मोट चालताना पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत, पण दादाच्या विहिरीवरचे थारोळे अजून शाबूत आहे. बैलजोडी धावेवरून उतरते, नाडा ताणला जातो, मोट वर येते. आता नाड्याला भलतीच मोठी मोट लावली, तर बैल जीव खाऊन ओढतील पण जागचे हलणार नाहीत. ओढ पुरी, चाल शून्य, थारोळ्यात पाणी शून्य. उलट मोट सोडून नुसता नाडा ठेवला, तर बैल पळत सुटतील. चाल पुरी, ओढ शून्य, पाणी पुन्हा शून्यच. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी मोटेचे एक माप असे असते, की त्या मापाला ओढ आणि चाल यांचा गुणाकार सगळ्यांत मोठा होतो आणि दिवसाकाठी सगळ्यांत जास्त पाणी निघते. जाणता मोटकरी हे माप बैलांच्या पावलांवरून ओळखत असे.

प्लेटेचेही तसेच आहे. तिची ओढ म्हणजे अँपिअर आणि चाल म्हणजे व्होल्टेज. तिच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडल्या तर अँपिअर भरपूर, पण व्होल्टेज शून्य. तारा मोकळ्या ठेवल्या तर व्होल्टेज भरपूर, पण अँपिअर शून्य. दोन्ही टोकांना वीज मिळत नाही. मधल्या एका बिंदूवर गुणाकार शिखर गाठतो. दादाच्या पंपासारख्या संचात नऊ प्लेटा एकापुढे एक जोडलेल्या असतात असे धरू. प्रत्येकीचे शिखर साडेएकेचाळीस व्होल्ट आणि तेरा अँपिअरच्या आसपास असते. नवांचे मिळून ३७३ व्होल्ट, तेरा अँपिअर, म्हणजे साधारण ४८५० वॅट. हाच संच कडक उन्हातही ३०० व्होल्टवर धरून ठेवला, तर प्रवाह जेमतेम अर्ध्या अँपिअरने वाढतो आणि हाती चार हजारांच्या आसपास वॅट येतात. साडेसातशे-आठशे वॅट हवेत जातात आणि प्लेटा तेवढ्याने आणखी तापतात. बाहेरून काहीच कळत नाही.

ऊन बदलले की शिखरही बदलते. ऊन अर्धे झाले तर अँपिअर जवळजवळ अर्धे होतात. व्होल्टेज मात्र फारसे हलत नाही. मोटेच्या भाषेत बैलांची चाल तीच राहिली, ओढ अर्धी झाली. अशा वेळी मोट हलकी केली नाही तर बैल थबकणारच. सुरुवातीच्या काळात प्लेटेला थेट मोटार जोडून पाहिलेल्या प्रत्येकाला हा अनुभव आला असेल. ढग आला की व्होल्टेज कोसळते, मोटार अडते, आणि ढग गेल्यावरही सहज उठत नाही. म्हणून प्लेटा आणि मोटार यांच्यामध्ये कंट्रोलर बसवतात. तो मोटारीच्या विजेचे हर्ट्झ कमी-जास्त करतो. हर्ट्झ वाढवले की मोटार जोरात फिरते, म्हणजे प्लेटांवर मोठी मोट लागते आणि त्यांचे व्होल्टेज खाली येते. हर्ट्झ कमी केले की मोट हलकी होते आणि व्होल्टेज वर जाते.

आता शिखर कुठे आहे हे कंट्रोलरला कसे कळते? त्याला ऊन दिसत नाही. बहुतेक संचांत उन्हाचे माप घेणारे यंत्र जोडलेले नसते. त्याला फक्त व्होल्टेज आणि अँपिअर कळतात. डोळे बांधून टेकडी चढायची असेल तर माणूस काय करील? एक पाऊल टाकील आणि चढ लागला की उतार, ते पाहील. चढ लागला तर त्याच दिशेने पुढचे पाऊल, उतार लागला तर माघारी. कंट्रोलर नेमके हेच करतो, सेकंदाला कित्येकदा. व्होल्टेज थोडे हलवतो, गुणाकार वाढला का पाहतो, वाढला तर तिकडेच सरकतो, नाहीतर उलटा फिरतो. शिखरावर पोचला तरी तो थांबत नाही. तिथल्या तिथे पुढे-मागे डुलत राहतो, कारण थांबला तर शिखर हलल्याचे त्याला कळणार नाही. पाऊल मोठे टाकावे तर डुलण्यातच वीज वाया जाते, लहान टाकावे तर पळत्या शिखरामागे तो पुरा पडत नाही. हे पाऊल केवढे असावे यावर अभियंत्यांनी शेकडो निबंध लिहिले आहेत, आणि मला त्यात काही नवल वाटत नाही.

ही विद्या शेतासाठी जन्मलेली नाही. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये सिलिकनची पहिली कामाची सौर चकती तयार झाली, तेव्हा ती पडलेल्या उन्हापैकी सुमारे सहा टक्केच वीज करत होती. चार वर्षांत अशा चकत्या उपग्रहावर चढल्या. उपग्रह क्षणात उन्हात, क्षणात पृथ्वीच्या सावलीत, कधी भाजणारा तर कधी गोठणारा, आणि तिथे मोट बदलायला माणूस पाठवता येत नाही. त्या गरजेतून १९६८ च्या सुमारास आपले आपण शिखर शोधणाऱ्या यंत्रणा पुढे आल्या. तीच विद्या आज दुधनेच्या काठी एका पत्र्याच्या पेटीत बसून हरभऱ्याला पाणी देते आहे.

डोळे बांधून चढणाऱ्याची एक फसगत मात्र होऊ शकते. समजा त्याने पाऊल चुकीच्या दिशेने टाकले, आणि नेमक्या त्याच क्षणी ढग सरकून ऊन वाढले. गुणाकार वाढला. तो वाढला उन्हामुळे, पण कंट्रोलर समजतो की आपले पाऊल बरोबर पडले. पुढचेही तिकडेच टाकतो. ऊन वाढत आहे तोवर तो शिखरापासून दूर दूर जात राहतो. बदलत्या उन्हाचा खरा त्रास हा आहे. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी ढगाची सावली सेकंदाला दहा मीटर सरकते, म्हणजे नऊ प्लेटांची रांग एका सेकंदात ओलांडते. त्या एका सेकंदात कंट्रोलरला ठरवावे लागते की बदलले कोण, मी की सूर्य.

यावर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतीतला विचार मला फार आवडतो. ती नुसता गुणाकार पाहत नाही, तर व्होल्टेज आणि अँपिअर वेगवेगळे पाहते. शिखरावर असताना व्होल्टेज एक टक्का वाढवले तर अँपिअर एक टक्का घटतात, गुणाकार जिथल्या तिथे राहतो. शिखर ओळखण्याची ही खूण. आणि व्होल्टेज अजिबात न हलवता अँपिअर वाढले, तर ते माझ्या पावलाने वाढलेले नाहीत, उन्हानेच वाढलेले आहेत. आपला हात आणि आभाळाचा हात असा निराळा ओळखता आला की फसगत कमी होते. चांगल्या कंट्रोलरमध्ये स्थिर उन्हात हा शोध ९८ टक्क्यांच्या वर अचूक असतो, आणि आभाळ पळत असतानाही बरीच बाजी राखतो.

पावसाळ्यात तुरळक पांढरे ढग असतात तेव्हा एक गमतीची गोष्ट पाहायला मिळते. ढगाच्या कडेवरून उजेड उधळून प्लेटेवर पडतो आणि थोडा वेळ निरभ्र दुपारपेक्षाही जास्त ऊन मिळते. दर चौरस मीटरला १००० वॅटच्या वर. पडद्यावरचे अँपिअर अचानक उसळले तर घाबरू नये.

तर ढगाशी झगडायला यंत्र तयार आहे. ढग सगळ्या प्लेटांवर सारखा येतो. टेकडी बुटकी होते, पण तिचे शिखर एकच राहते. दादाच्या रानात मात्र आभाळ स्वच्छ होते. विहिरीच्या नैर्ऋत्येला बांधावर एक जुना लिंब आहे. दुपारी तीनला सूर्य त्याच्या मागे जात होता, आणि लिंबाच्या एका फांदीची सावली रांगेतल्या शेवटच्या प्लेटेवर, फक्त एका प्लेटेवर पडत होती. दादाने ती रोज पाहिली होती. “नवातली एक,” तो म्हणाला, “गेलं तर नववा हिस्सा जाईल.” हिशेब चुकीचा वाटत नाही. पण नऊ प्लेटा एकापुढे एक जोडलेल्या आहेत. एका नळाला नऊ ठिकाणी जोड असावेत आणि एका जोडात पाला अडकावा, तशी ही अवस्था. सावलीतली प्लेट कमी अँपिअर देते, आणि ओळीत असल्यामुळे बाकीच्या आठ जणींनाही तिच्याएवढेच अँपिअर सोडता येतात.

हे होऊ नये म्हणून प्रत्येक प्लेटेच्या पाठीमागच्या छोट्या काळ्या डबीत साधारणपणे तीन डायोड असतात. प्लेटेचा एक तृतीयांश भाग सावलीत गेला तर त्याला वळसा घालून वीज पुढे न्यायची, हे त्यांचे काम. म्हणजे वाट आहे. पण या वाटेमुळे टेकडीला दोन शिखरे होतात. भर उन्हाच्या आकड्यांत पाहू. एका प्लेटेवर ४० टक्केच ऊन पडते आहे. पहिले शिखर डायोडच्या वाटेचे: सावलीतली प्लेट सोडून द्यायची, आठ प्लेटांचे ३३० व्होल्ट आणि पुरे तेरा अँपिअर, म्हणजे सुमारे ४३०० वॅट. दुसरे शिखर सगळ्यांना सांभाळून घेण्याचे: नऊही प्लेटा, व्होल्टेज ४०५ ते ४१०, पण अँपिअर सावलीतल्या प्लेटेएवढे, सव्वापाच. सुमारे २१०० वॅट.

कंट्रोलर मोकळ्या व्होल्टेजपासून सुरुवात करून खाली उतरत येतो. त्यामुळे वाटेत आधी लागते ते जास्त व्होल्टेजचे, बुटके शिखर. तिथे तो थांबतो, पुढे-मागे एकेक पाऊल टाकतो, दोन्हीकडे उतार लागतो, आणि त्याची खात्री पटते की हेच शिखर. पलीकडे दुप्पट उंचीची टेकडी उभी आहे हे त्याला कसे कळावे? काही कंट्रोलर ठरावीक वेळाने सगळी टेकडी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपून घेतात आणि मोठे शिखर हुडकतात. काही घेत नाहीत. पंप घेताना कंट्रोलरला हे जमते का, एवढे तरी विचारावे. सावलीचा थोडाही संभव असेल तर हा प्रश्न प्लेटेच्या वॅटपेक्षा महत्त्वाचा आहे.

दादाच्या पडद्यावरचे आकडे आता वाचता येतील. ४०५ व्होल्ट, साडेतीन अँपिअर. ऊन कलल्यामुळे अँपिअर तेराचे साडेआठ होणे साहजिक होते. साडेतीन होणे साहजिक नव्हते. आणि व्होल्टेज शिखराच्या नेहमीच्या जागेपेक्षा तीसेक व्होल्ट वर होते. व्होल्टेज चढलेले आणि अँपिअर पडलेले, ही बुटक्या शिखरावर अडकल्याची खूण. ऊन नुसते मंद असते तर अँपिअर पडले असते, पण व्होल्टेज असे चढून बसले नसते.

दादाने आकडी आणली आणि फांदी बाजूला ओढून धरली. थोड्याच वेळात मोटारीचा आवाज बदलला. व्होल्टेज ३६५ वर उतरले, अँपिअर साडेआठावर गेले, हर्ट्झ ३४ चे ४४ झाले. १४०० वॅटचे ३१०० वॅट. पाइपातून पाणी खळाळून पडले आणि तिकडून वहिनींचा आवाज आला, “आता आलं बघा!” एका फांदीने तिप्पट-चौपट पाणी अडवून धरले होते.

वॅट दुपटीने वाढले तर पाणी तिप्पट-चौपट कसे, हा प्रश्न रास्त आहे. पंपाचा स्वभाव असा आहे, की त्याचा वेग ८० टक्क्यांवर आला तर पाणी वर ढकलण्याची उंची ६४ टक्क्यांवर येते. वेगाच्या वर्गाप्रमाणे ती घटते. पूर्ण वेगात जास्तीत जास्त ५० मीटर पाणी चढवणारा पंप घ्या. पाणी आहे ३० मीटर खोल. वेग ७७ टक्क्यांच्या खाली गेला की या पंपाची ढकल ३० मीटरला पुरत नाही. मोटार फिरते, आवाज येतो, पडद्यावर हर्ट्झ दिसतात, वीज खर्च होते आणि पाइपातून थेंब पडत नाही. सकाळी आठला “मोटार चालू हाय पण पाणी नाही” ही जी तक्रार गावोगाव ऐकू येते तिचे कारण बहुतेक वेळा हेच असते. अर्ध्या उन्हात अर्धे पाणी असा सरळ हिशेब इथे नाही. एक उंबरठा आहे. त्याच्या खाली सगळे ऊन फुकट जाते आणि त्याच्या वर प्रत्येक वॅट पाण्यात उतरतो. म्हणून उन्हाळ्यात विहीर खाली गेली की तोच पंप, त्याच प्लेटा, त्याच उन्हात दुबळ्या वाटतात. आणि म्हणून विहिरीच्या खऱ्या खोलीपेक्षा कमी उंचीचा पंप पदरी पडला तर कितीही प्लेटांनी ते दुखणे बरे होत नाही.

सावलीचे गणित जागा निवडताना करायचे असते, आणि नेमके तेव्हाच ते दिसत नाही. परभणी साधारण १९.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. जूनमध्ये तो डोक्याच्या चार अंश उत्तरेलाच असतो. त्या दिवसांत प्लेटा उभ्या करायला माणसे आली तर झाडाची दुपारची सावली झाडाखालीच दिसते आणि जागा मोकळी वाटते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तोच सूर्य मध्यान्हीला क्षितिजापासून ४७ अंशांवर उतरलेला असतो. वीस फुटांच्या झाडाची भर दुपारची सावली अठरा फूट उत्तरेकडे पडते, आणि दुपार कलली की ती आणखी कितीतरी लांबते. दादाचा पंप ज्येष्ठात बसला होता. झाडाच्या, गोठ्याच्या, विजेच्या खांबाच्या उत्तरेला प्लेटा कधी उभ्या करू नयेत. आणि पाथरी-मानवतकडे कालव्याच्या भागात असेल त्याने शेजारचा ऊस दहा महिन्यांनी केवढा होईल तेही आजच डोळ्यांपुढे आणावे.

प्लेटांचा ढाळ दक्षिणेकडे असतो तो याच कारणाने. वर्षभराला एकच ढाळ ठेवायचा तर आपल्या अक्षांशाएवढा, एकोणीस-वीस अंश. सांगाड्याला ढाळ बदलण्याची सोय असेल तर हिवाळ्यात तो चौतीसपर्यंत उभा करावा, उन्हाळ्यात जवळजवळ आडवा. केंद्र सरकारच्या सौर पंपांच्या मानकांत दिवसातून तीनदा हाताने प्लेटा फिरवण्याची सोयही धरलेली आहे: सकाळी पूर्वेकडे, दुपारी दक्षिणेकडे, मग पश्चिमेकडे. ऊन प्लेटेवर साठ अंश तिरपे पडले तर ते निम्मेच लागू होते. सरळ पडले तर पुरे. पण खरा लाभ उंबरठ्याचा आहे. सकाळी प्लेटा पूर्वेला वळवल्या की पंप उंबरठा लवकर ओलांडतो, आणि संध्याकाळी पश्चिमेला वळवल्या की उशिरापर्यंत वर राहतो. दिवसाच्या दोन्ही टोकांना पाणी वाढते. ज्यांचा सांगाडा फिरतो अशा बहुतेकांनी तो पहिल्या महिन्यानंतर फिरवलेला नाही, बोल्टाला गंज चढला आहे. हे पाहून मला वाईट वाटते. तीन मिनिटांचे काम आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. परभणीत मध्यान्ह घड्याळात बाराला होत नाही. आपली घड्याळे साडेब्याऐंशी रेखांशावर चालतात आणि परभणी पावणेसत्त्याहत्तरच्या आसपास आहे. त्यामुळे सूर्य माथ्यावर यायला सरासरी बारा वाजून तेवीस मिनिटे होतात. ऋतूप्रमाणे त्यात दहा-पंधरा मिनिटांचा फरक पडतो. दुपारची दिशा बदलायची वेळ त्या मानाने धरावी.

उन्हाळ्याबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. ४४ अंशांच्या मे महिन्यात प्लेटा सगळ्यांत जास्त वीज देत असतील असे वाटते. ऊन आणि उष्णता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्लेटेला ऊन हवे, उष्णता नको. तापलेल्या दुपारी चकत्या ६५ अंशांच्या पुढे जातात. २५ च्या वर प्रत्येक अंशाला ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते, म्हणजे चाळीस अंशांना बारा ते सोळा टक्के गेली. शिखराचे व्होल्टेजही खाली सरकते, त्याचाही पाठलाग कंट्रोलरलाच करावा लागतो. उलट पौषातल्या थंडीत, निरभ्र आभाळाखाली, ढाळ नीट लावलेल्या प्लेटा आपल्या कागदावरच्या आकड्याच्या सर्वांत जवळ जातात. ज्वारी-हरभऱ्याला पाणी लागते तेही तेव्हाच. रब्बी आणि सौर पंप यांची गाठ निसर्गानेच मारली आहे. खरिपात पाण्याची ओढ लागते ती पावसाचा खंड पडला तर, आणि तेव्हा आभाळ अर्धे असते. तेव्हा कंट्रोलरची परीक्षा असते.

धुळीचे सांगायला फार नाही, पण ती रोजची आहे. काळ्या मातीची धूळ, सोयाबीनच्या मळणीचा भुस्सा, कावळ्याची विष्ठा. धूळ सगळीकडे सारखी बसली तर ती ढगासारखी, थोडे थोडे खाते. विष्ठेचा वाळलेला ठिपका मात्र फांदीच्या जातीचा. तो एका चकतीला सावलीत ठेवतो आणि तिथे चकती तापून डागळते. प्लेटा पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर धुवाव्यात. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. बोअरचे पाणी जड असेल तर ते काचेवर वाळू देऊ नये, नाहीतर क्षारांचा पांढरा पापुद्रा बसतो आणि तो धुळीपेक्षा चिवट असतो. मऊ कापडाने पुसून घ्यावे.

येलदरीला पूर्णेवर धरण आहे आणि त्याच्या पायथ्याशी जलविद्युत केंद्र आहे. तिथे पाणी साठवता येते आणि हवे तेव्हा सोडून वीज करता येते. ऊन साठवता येत नाही. या घटकेचे ऊन या घटकेलाच घ्यावे लागते. शेतात बॅटरी ठेवणे परवडत नाही, पण पाणी साठवता येते. पिकाला गरज नसेल त्या दिवशीही पंप चालवून शेततळे किंवा टाकी भरून ठेवली, तर तीच आपली बॅटरी. ढगाळ आठवड्यात ठिबक तिच्यावर चालते. विहिरीला तेवढा पाझर असेल तरच हे करावे, हे ओघाने आलेच.

लिंबाची फांदी दादाने दुसऱ्या दिवशी छाटली. झाड तोडायचे नाही असे वहिनींनी आधीच बजावले होते, आणि ते बरोबरच होते. सावली देणारी एक फांदी गेली, झाड आहे. मग मी दादाला एक वही करायला सांगितले. दर रविवारी, आभाळ स्वच्छ असेल तर, साडेबाराला पडद्यावरचे तीन आकडे लिहायचे. पुढच्या कार्तिकात त्याच सुमाराला तेच आकडे यायला हवेत. अँपिअर पडले आणि व्होल्टेज तसेच असेल तर प्लेटा पुसायच्या. अँपिअर पडले आणि व्होल्टेज चढले तर सावली शोधायची. व्होल्टेजच एकदम चाळीसने कमी झाले तर एखादी प्लेट गळालेली असणार. तेव्हा कंपनीच्या माणसाला आकड्यांसह बोलवायचे. योजनेत पाच वर्षे दुरुस्तीची हमी आहे आणि वहीतला आकडा कुणी नाकारू शकत नाही.

परवा दादाचा फोन आला. मागच्या रविवारी साडेबाराला बारा अँपिअर होते, आज साडेदहा, व्होल्टेज तेच. “सोयाबीन काढलं शेजाऱ्यानं,” तो म्हणाला. “भुस्सा बसलाय. उद्या उजाडायच्या आत धुतो.”